बिनमाहेरची सून

ठमाबाईनं लातूरकडची सून केली तेव्हा वारूळवाडीत बऱ्याच जणांना वाटलं, बाईला दया आली. ज्यांचा ठमाबाईशी कधी देण्याघेण्याचा संबंध आला होता, त्यांना तसं वाटलं नाही. दया तिला यायची, नाही असं नाही. पण आधी फायदा ओट्यावर येऊन बसला पाहिजे, मग त्याच्या मागून दया.

फायद्याची बाजू अशी होती. भूकंपात अंजनाचे आईवडील, दोघं भाऊ आणि चुलत्याचं घर, सगळेच गेले होते. म्हणजे सुनेला माहेर नाही. माहेर नाही म्हणजे नागपंचमीला न्यायला मुऱ्हाळी यायचा नाही. ऐन दिवाळीत म्हशीच्या धारा सासूच्या गळ्यात पडायच्या नाहीत. सून रुसली तरी चुलीपासून गोठ्यापर्यंतच रुसणार, पुढं जायला जागाच नाही. आणि 'आमच्या बहिणीला नीट वागवा' असं मिशीला पीळ देत सांगणारा भाऊही नाही. तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती, पहिलं बाळंतपण सासरी करावं लागणार. ठमाबाईनं ते डिंकाच्या लाडवांसकट धरून पाहिलं, तरी सौदा फायद्याचाच निघाला. शिवाय तिचा सोपान तिशीला टेकलेला, एका डोळ्यात फूल पडलेलं. जवळच्या गावांतल्या मुली त्याला बघायच्या आणि त्यांच्या आया दुसऱ्या डोळ्याचीही चौकशी करायच्या.

पोरगी हेरली होती ठमाबाईच्या नवऱ्यानं, रखमाजीनं. नारायणगावच्या पोरांनी भूकंपाच्या भागात भाकरी आणि घोंगड्यांचा ट्रक नेला, त्यात रखमाजी चढला होता. परत येऊन म्हणाला, "समदे रांगंत उभे व्हते. एक पोरगी रांग लावीत व्हती." ठमाबाईला एवढं पुरलं. दोन वर्षांनी अंजनाच्या लांबच्या मामानं तिला आणून सोडली, अक्षता टाकल्या आणि गेला तो गेलाच. तोही फायद्यातच धरला गेला.

कामाला अंजना वाघीण. बोलायला गोड. कुणी घोटभर चहा दिला तरी "लई उपकार झाले" म्हणायची आणि ते तोंडदेखलं नसायचं. देणाऱ्यालाच लाज वाटून तो बिस्कीट काढायचा. खोट एकच होती आणि ती लग्नाच्या रात्रीच कळली. दिवे मालवले तशी नव्या नवरीनं गोधडी उचलली आणि घरामागच्या द्राक्षाच्या मांडवाखाली जाऊन आडवी झाली. घराच्या छपराखाली तिला झोप येईना. झोप सोडा, श्वास येईना.

सोपान थोडा वेळ घरात बसला, मग उशी घेऊन बाहेर गेला. तेव्हापासून त्यांचा संसार मांडवातच सुरू झाला. पावसाळ्यात बैलगाडीला ताडपत्रीची कमान करायची, थंडीत शेकोटी. शेजारच्या सयाजीला तर करमणूकच मिळाली.

"सोपानराव, लग्नाचा मांडव सोडायचा असतो राव. त्यात कायमचं ऱ्हायचं नसतं."

सोपान हसायचा. ठमाबाई हसायची नाही. चार बायांत तिला ऐकून घ्यावं लागे, "काय ओ, सुनंला घरात घेत न्हाई का?"

ती आणि रखमाजी या निष्कर्षाला आले की पोरीला घराची खात्री वाटत नाही. पत्र्याचं शेड करून पाहिलं. वाऱ्यानं पत्रे उडतात म्हणून आपल्याकडे वर दगड ठेवायची पद्धत, तसे ठेवले. अंजना आत गेली, वर बघितलं, दगडांवरून नजर फिरवली आणि बाहेर आली. दगड काढले तर पहिल्याच वाऱ्यात पत्रे सयाजीच्या कांद्यात.

मग एका साली टोमॅटोला असा भाव लागला की बाजारातून परत येताना लोक रस्ता रिकामा असला तरी हॉर्न वाजवत. रखमाजीनं स्लॅबचं घर काढलं. स्लॅब टाकायच्या दिवशी अख्खी भावकी हजर. मिक्सर धडधडतोय, शिडीवर माणसांची रांग, हातोहात घमेली वर चाललीत, आणि खाली बायका मासवड्या थापतायत. सगळ्यांत जास्त राबली ती अंजना. घामेजलेल्या प्रत्येक माणसाला तिनं दोनदा वाढलं.

स्लॅबखालची लाकडं निघाल्यावर रखमाजी सुनेला हाताला धरावं तसं आत घेऊन गेला.

"हात लाव. लाव की! आता भूकंपाचा बाप आला तरी हलायचं न्हाई."

अंजनानं वर बघितलं. "मामंजी, ह्येचं वजन किती असंल?"

रखमाजीला हा प्रश्न इतका आवडला! त्यानं शिमीटाच्या गोण्या सांगितल्या, वाळूच्या ट्रॉल्या सांगितल्या, सळया किती बोटं जाड ते सांगितलं. त्याच्या मते तो सुनेची भीती एकेक गोणीनं कमी करत होता. अंजनानं सगळं ऐकलं, खाली वाकून सासऱ्याच्या पायाला हात लावला, "माज्यापायी लई केलंत" म्हणाली. आणि संध्याकाळी गोधडी घेऊन मांडवात गेली.

स्लॅबमध्ये टोमॅटोचे क्रेट ठेवायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

हे असंच चाललं असतं. माणसाला कशाचीही सवय होते आणि गावाला तर त्याहून लवकर. पण २००१ साली वाघ आला. पेपरात बिबट्या म्हणतात, आम्ही वाघच म्हणतो. उसात राहायचा. आधी सयाजीचा कुत्रा नेला, साखळी तेवढी मागं ठेवली. मग पलीकडच्या एका वस्तीवर अंगणात निजलेलं पोर उचललं. त्या दिवसापासून सयाजीच्याही थट्टा बंद झाल्या. फॉरेस्टची जीप भोंगा लावून फिरली, 'उघड्यावर झोपू नका.' पिंजरा लागला, पिंजऱ्यात शेळी बांधली. दिवस मावळला की अख्खी वारूळवाडी कडी लावून आत.

आणि त्याच साली, इतक्या वर्षांनी, अंजनाला दिवस गेले होते.

ठमाबाईनं तिला घरात घेतली. दाराला पाठ लावून अंजना उजाडेपर्यंत बसली. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. दार उघडं ठेवावं तर वाघ, लावावं तर हिचा जीव कोंडतो. सोपान कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यात बसू लागला. रखमाजी बॅटरी मारत राहायचा. घरातलं कुणीच झोपेना. ठमाबाई ताक घुसळता घुसळता पेंगायची. अंजना टोमॅटो तोडताना उभ्या उभ्या डोळा लागून सरीत पडली, पोटावर पडता पडता वाचली.

नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि ठमाबाईला बाजूला घेतलं. "मूल चांगलं आहे. आई चांगली नाही. हिला झोप मिळाली नाही तर मी दोघांचंही सांगू शकत नाही."

"गोळी द्या की."

"अशा दिवसांत गोळी नाही. झोप द्या."

झोप कुठल्या दुकानात मिळते ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही.

भात निघालं की आहुपे, घाटघरकडची माणसं कामाला खाली उतरतात. चांगला माणूस दुसऱ्यानं पळवायच्या आत ठमाबाई दरवर्षी स्वतः आहुप्याला जाऊन भिकाला पक्का करून यायची. भिका म्हणजे दोन माणसांचं काम करणारा आणि एकाचं बोलणारा. त्या साली ती अंजनाला सोबत घेऊन गेली. घरी ठेवावी तर परत कुठं सरीत पडायची. घोडेगावातून एसटी डिंभे धरणाच्या पाण्याकडेनं वर चढली. डोंगराच्या उतारांवर कारवी काड्या काड्या होऊन उभी होती. आदल्या साली तिला फूल आलं होतं. सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, मग वाळते, मग माणसं तोडून नेतात.

भिकाचं घर कुडाचं. ठमाबाईनं ते पंधरा वेळा पाहिलं होतं, म्हणजे एकदाही पाहिलं नव्हतं.

"आत ये की गं," भिकाची आई अंजनाला म्हणाली.

"मी हितंच बसते."

"ऊन हाय तिथं. पोटुशी हायेस."

म्हातारीचं मन मोडायचं नाही म्हणून अंजनानं उंबऱ्यावर पाय ठेवला आणि आधाराला भिंतीला हात लावला. भिंत टोपलीसारखी जराशी आत गेली आणि परत आली. अंजनानं हात काढला. परत लावला.

"मावशी, भितीत काय हाय?"

"कारवी. ईणायची, वर शेणमाती."

"अन् छपराला?"

"गवात."

"वजन किती असंल?"

भिकाची आई हसायला लागली. "वजन? अगं, एका वावटळीत आख्खं छप्पर बसलं माज्या अंगावर. भिका म्हैन्याचा, मांडीवर. मी अंग झाडलं, पोराच्या कानातलं गवात काढलं अन् चूल पेटीवली."

अंजनाही हसली. मग हसता हसता तिथंच कुडाला टेकून बसली, आणि ठमाबाईनं सहा वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते बोलायला लागली. तेही माणसांकडे बघून नाही, हातातल्या चहाकडे बघून.

"आमच्याकडं माळवद असतंय. दगडाच्या भिती, लाकडं, अन् वर माती. दर सालाला पावसाच्या आदी नवी माती टाकायची, जुनी काढायची न्हाई. त्या साली लई गळत व्हतं. दादा म्हणले, अंजे, अजून दोन बोटं थर घाल. मी चार बोटं घातली. समद्या पाट्या माज्या डोक्यावरनं गेल्या. गाणी म्हणत गेल्या." ती थांबली. "गणपती बुडवून आलो, निजलो, अन् ती समदी माती खाली आली. मी तेवढी चौकटीत घावले."

कोंबड्या मधे येऊन गेल्या. ठमाबाईच्या बशीतला चहा तसाच राहिला. वजन किती, हे पोरगी दर घराला का विचारत होती, ते तिला आत्ता कळलं. आणि आपल्या नवऱ्यानं एकेक गोणी मोजून सांगितली होती तेही आठवलं.

भिकाच्या आईनं विचारलं, "मग त्या पावसात घर गळलं का?"

"न्हाई. एक थेंब न्हाई. आई म्हणायची, माज्या पोरीनं घर कोरडं केलं."

"मंग तू घर कोरडं केलंस. बाकीचं भुईनं केलं."

अंजनानं मान डोलावली. किती वेळ डोलावत होती. मग कुडाला टेकलेलं डोकं तसंच राहिलं, हातातला कप कलंडला आणि भिकाच्या आईनं तो अलगद काढून घेतला. घराच्या आत, छपराखाली, भर दुपारी अंजना झोपली होती.

खाली एसटीनं हॉर्न दिला. ठमाबाई हलवायला वाकली तर भिकाच्या आईनं तिचं मनगट धरलं.

"आमच्यात निजल्या पोटुशीला उठवत न्हाईत."

"आवो, यस्टी जाईल!"

"जाऊ द्या. ती उद्या येती. ही झोप किती सालांनी आली?"

भिका खाली जाऊन ड्रायव्हरला सांगून आला. ड्रायव्हरनं शिस्तीत थोडा वेळ वाट पाहिली, हॉर्न मात्र परत वाजवला नाही, आणि गाडी गेली. एक धार चुकली तर गाव डोक्यावर घेणारी ठमाबाई पदरानं सुनेवरच्या माश्या वारत बसली. अंजना दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर उठली आणि पहिलं वाक्य बोलली, "आत्याबाई, म्हशी!"

"म्हशी गेल्या खड्ड्यात," ठमाबाई म्हणाली. वारूळवाडीत हे आजही कुणी खरं मानत नाही.

मग ती भिकाकडे वळली. "असलं घर खाली बांधून देतो का? तू म्हणशील ते."

ठमाबाईच्या तोंडून 'तू म्हणशील ते' निघालेलं भिकानं कधी ऐकलं नव्हतं. तो काही म्हणायच्या आत त्याची आई पुढं झाली.

"मजुरी चालू हाय तीच घील तो. पर कारवी आमच्या डोंगराची, गवात माज्या हातचं. त्याचं निराळं."

"काय निराळं?"

"दिवाळीला पोर हिकडं धाडायची. चार दिस. भाऊबीज हितं."

ठमाबाईच्या चेहऱ्यावरून सहा वर्षांचा नफा उठून चालू लागला.

"दोन दिस," ती म्हणाली.

"चार."

"तीन. आवो, धारा कोण काढंल?"

"तुमाला हात हायेत की."

ठमाबाईनं अंजनाकडे बघितलं. अंजना उंबऱ्यात उभी होती आणि चूक आपलीच असल्यासारखी दोघींकडे बघत होती. डोळ्यांखालचं काळं एका रात्रीत निम्मं झालं होतं.

"चार तर चार," ठमाबाई म्हणाली. "पर फराळाचं मी देईन. माज्या सुनंनं रिकाम्या हातानं यायचं न्हाई."

आहुप्याच्या देवराईतली काडीही कुणी तोडत नाही. कारवी आली ती राईच्या बाहेरच्या उतारावरची. ट्रक वारूळवाडीत रिकामा झाला तेव्हा बघायला गर्दी झाली. सयाजीला कंठ फुटला.

"आबा, समदं गाव कुडातनं स्लॅबात गेलं. तुमी स्लॅबातनं कुडात?"

"स्लॅब माजा हाय," रखमाजी म्हणाला. "कूड नातवंडाचा."

बोलला खरा, पण त्याचे कान लाल झाले होते. रस्त्याच्या कडेला, स्लॅबच्या बरोबर पुढ्यात कूड उभा राहायचा म्हणजे ज्या भावकीनं घमेली वाहिली तिला रोज दिसणार. पण मागची जागा उसाला लागून होती, आणि उसात वाघ. तेव्हा पुढ्यातच.

भिकानं मेढी रोवल्या, वासे बांधले, दुहेरी कूड विणला, बांबूचं दार केलं. सगळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. गवतानं छप्पर शाकारायच्या दिवशी भिकाची आई स्वतः उतरली होती. अंजनानं गवताची एक पेंढी डोक्यावर घेतली आणि शिडीकडे निघाली. सोपान आडवा आला.

"अगं, अशा दिसांत..."

"न्हेऊ दे तिला एक," भिकाची आई म्हणाली. "हलकी हाय."

सोपाननं शिडी धरली. अंजना दोन पायऱ्या चढली, पेंढी भिकाच्या हातात दिली आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "अजून एक द्या." तिसऱ्या पेंढीला ती काहीतरी गुणगुणत होती. काय ते कुणी विचारलं नाही.

त्या घरात ती पहिल्याच रात्री झोपली. सोपान झोपला. त्या रात्री स्लॅबमधले दोघंही झोपले, आणि सयाजीच्या म्हणण्यानुसार रखमाजीचं घोरणं ऐकून वाघ दोन शिवारं लांब गेला.

गेला नव्हता. आठवड्यानं एका सकाळी ठमाबाई धारा काढायला उठली तर कुंपण एका बाजूनं दबलेलं, आणि कुडाच्या मागच्या अंगाला शेणमातीवर चार नखांचे ओरखडे. कारवी जशीच्या तशी होती. तिनं दाराला कान लावला. आत दोघांचे श्वास संथ चालले होते. तिनं कुणाला हाक मारली नाही. शेण कालवलं आणि ओरखडे लिंपून टाकले. अंजना उठून बाहेर आली तेव्हा सासू हात धूत होती.

"एवढ्या सकाळी सारवलंत, आत्याबाई?"

"पोपडा आला व्हता," ठमाबाई म्हणाली. गावातली कुठलीही बातमी तिच्या तोंडात दुपारपर्यंत टिकायची नाही. ही तिनं प्राचीचं बारसं होईपर्यंत टिकवली.

हो, मुलगी झाली, प्राची. बाळंतपण सासरीच झालं, डिंकाच्या लाडवांसकट. ते आधीच धरलेलं होतं. आधी न धरलेलं म्हणजे लाडू वळायला आहुप्याहून भिकाची आई आली आणि महिनाभर राहिली. दोघी म्हाताऱ्या लाडवाच्या आकारावरून भांडायच्या आणि बाळाला पायावर घ्यायच्या पाळ्या लावायच्या. उन्हाळ्यात स्लॅब तापायचा तेव्हा ठमाबाईसुद्धा नातीच्या निमित्तानं कुडात निजायला लागली. सयाजीनं विचारलं तर म्हणाली, "पोर रडती रात्री." पोर रडत नसे.

दिवाळीत भिका आला, मुऱ्हाळी म्हणून. नवी टोपी, हातात बहिणीला घेतलेलं लुगडं. वर्षभर ज्याला ती 'ए भिका' म्हणायची, त्याला ठमाबाईनं पाट मांडला, पाणी दिलं आणि "पावणं, जेवून घ्या" म्हणाली. पाहुणा कोण ते बघायला भिकानं मागं वळून पाहिलं.

नारायणगावच्या स्टँडवर सगळे पोचवायला आले होते. अंजना खिडकीशी बसली, मांडीवर प्राची, पायाशी फराळाचे डबे. इतके, की कंडक्टरनं लगेज लावायची धमकी दिली. घर सोडायच्या आधी ती कुडाला हात लावून आली होती, आणि स्लॅबलाही. आता खिडकीतून ती एकेकाकडे बघत होती. रखमाजीकडे, सोपानकडे, सयाजीकडेसुद्धा. "लई उपकार झाले," म्हणाली. रखमाजी एसटीच्या चाकाकडे बघू लागला.

"घोडेगाव दोन," भिकानं खिशात हात घातला.

"ठेव तो हात," ठमाबाई खालून खिडकीतून ओरडली. "माज्या सुनंचं तिकीट माजं."

"न्हाई ओ. भईनीला न्यायला आलोय. भावानंच काढायचं असतं."

"भाऊ झालास म्हणून लई शहाना होऊ नगंस!"

"कुणीतरी द्या राव," कंडक्टर म्हणाला, "गाडी लेट झालीय."

हिशोब असा झाला. भूकंपानं घेतलं ते अंजनाच्या खात्यातून गेलं, त्याची भरपाई कुणाकडूनच नव्हती. रखमाजीनं चार माणसांतली ऐट दिली, सोपाननं सहा पावसाळे, डोंगरानं कारवी. भिकाच्या आईनं गवत दिलं आणि वर अंजनाला लेक करून घेतलं. बिनमाहेरची म्हणून जी सून पारखून केली होती, तिला माहेर करून दिलं, दर दिवाळीला चार दिवस म्हशीच्या धारा आपल्या हातानं काढायच्या पत्करल्या, आणि तिकीट, भिकाच्यासकट, ठमाबाईनं दिलं.